कपापर्यंत आणि कपानंतर

टिम थॉमस हा अमेरिकन आइस हॉकीतला गोलरक्षक. एकतिसाव्या वर्षापर्यंत त्याला एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये, कायमची जागा मिळाली नव्हती. सदतिसाव्या वर्षी त्याने बॉस्टन ब्रुइन्सला ३९ वर्षांनंतर लीगचा स्टॅनले कप जिंकून दिला. चाळिशीत तो खेळातून गेला आणि पुढची पाच वर्षं फारसा कुणाच्या नजरेस पडला नाही.

या कारकिर्दीविषयी दोन मतं असू शकतात. एक म्हणतं, जिद्द कशाला म्हणतात ते या माणसाकडून शिकावं. दुसरं म्हणतं, जिद्दीचे असे गोडवे गाण्यातच धोका आहे. दोन्ही मतं मला महत्त्वाची वाटतात. ती समोरासमोर यावीत म्हणून हा लेख संवादाच्या रूपात मांडला आहे. बोलणारे दोघे बॉस्टनजवळच्या एका मराठी घरातले आहेत. मामा ब्रुइन्सचे जुने चाहते. भाची डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाचं काम करते.

मामा : थॉमस समजून घ्यायचा तर फ्लिंटपासून सुरुवात करायला हवी. मिशिगनमधलं मोटारींचं शहर. जनरल मोटर्स १९०८ मध्ये तिथेच स्थापन झाली. थॉमस जन्मला १५ एप्रिल १९७४ ला, आणि तो वाढत होता त्याच काळात तिथल्या कारखान्यांमधल्या नोकऱ्या हजारोंनी जात होत्या. अशा गावात पोराने आइस हॉकी निवडली, आणि त्यातही गोलरक्षकाची जागा. पायांचे जाड पॅड, मुखवटा, छातीचं संरक्षण, दोन हातांना दोन तऱ्हांचे हातमोजे, सगळंच महाग. गोलरक्षकांच्या एका शिबिराची फी भरायला त्याच्या आईवडिलांनी लग्नाच्या अंगठ्या गहाण ठेवल्या. असं घर पाठीशी असलेला मुलगा सहजासहजी हार कशी मानेल?

भाची : अंगठ्यांची गोष्ट मलाही चटका लावते, मामा. पण मला तिच्यात दुसरंच दिसतं. ज्या खेळाच्या शिबिरासाठी अंगठ्या गहाण पडतात, तो खेळ किती घरांना परवडणार? आणि ज्यांच्या अंगठ्या गहाण पडल्या पण मुलगा पुढे आला नाही, अशा एका तरी आईबापाचं नाव तुला सांगता येईल का? जिंकलेल्याची गरिबी तेवढी आपल्या लक्षात राहते.

मामा : कबूल. पण मग जिंकलेल्याने काय सोसलं तेही ऐक. १९९३ मध्ये तो व्हरमाँट विद्यापीठात गेला. त्याच संघात मार्टिन सेंट लुई होता, जेमतेम पाच फूट आठ इंच उंचीचा. या पोरांनी १९९६ मध्ये व्हरमाँटसारख्या लहान विद्यापीठाला राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत नेलं. एनएचएलचे संघ दरवर्षी तरुण खेळाडू निवडतात, त्या १९९४ च्या ड्राफ्टमध्ये क्वेबेक नॉर्डिक्सने थॉमसला घेतलं खरं, पण नवव्या फेरीत, २१७ व्या क्रमांकावर. सेंट लुईला तर कुणीच घेतलं नाही. आणि तोच सेंट लुई २००४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

भाची : म्हणजे एकाच विद्यापीठाच्या एकाच संघात असे दोघे होते, आणि निवडणाऱ्यांना ते दिसले नाहीत. याला तू खेळाडूंची जिद्द म्हणतोस. मी निवड समित्यांचं अपयश म्हणते.

मामा : दोन्ही म्हण. पुढची वर्षं पाहा. नॉर्डिक्स संघ १९९५ मध्ये कोलोरॅडोला गेला आणि त्याच वर्षी त्यांच्याकडे पॅट्रिक रुआ आला, त्या पिढीतला सर्वांत नावाजलेला गोलरक्षक. थॉमस त्या संघाकडून एकही सामना खेळला नाही. मग सुरू झाली भटकंती. अलाबामातलं बर्मिंगहॅम, ह्यूस्टन, हेलसिंकी, हॅमिल्टन, डेट्रॉइट, स्टॉकहोम, उत्तर फिनलंडमधलं औलू. १९९८ मध्ये हेलसिंकीचा एचआयएफके संघ फिनलंडचा विजेता झाला तेव्हा गोलमध्ये हाच होता. एनएचएलचा पहिला सामना त्याला ब्रुइन्सकडून मिळाला ऑक्टोबर २००२ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्या मोसमात चारच सामने, मग पुन्हा खालच्या लीगमध्ये प्रॉव्हिडन्सला. २००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादात एनएचएलचा अख्खा मोसम रद्द झाला, तेव्हा तो परत हेलसिंकीला, योकेरित संघाकडे गेला. तिथे १५ सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. पुढच्या मोसमात ब्रुइन्सचे गोलरक्षक दुखापतींनी बाजूला झाले, तेव्हा कुठे त्याचा नंबर लागला. बाकीचे गोलरक्षक एव्हाना दुसरा धंदा शोधतात.

भाची : एक सांग. नऊ वर्षं त्याला का डावललं? फिनलंडमध्ये तो काय करतोय ते आकड्यांत दिसत होतं.

मामा : त्याच्या खेळण्याच्या पद्धतीमुळे. त्या काळात रुआची पद्धत सगळीकडे रुळली होती, तिला बटरफ्लाय म्हणतात. गुडघे बर्फावर टेकायचे, पोटऱ्या दोन्हीकडे पसरायच्या आणि गोलची खालची बाजू बंद करून टाकायची. जागा धरून राहायचं, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, येऊन अंगावर आदळेल अशा बेतानं उभं राहायचं. या पद्धतीला उंच माणूस लागतो. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. उंच गोलरक्षक खाली बसला तरी वरची जागा खांद्यांनी झाकली जाते. थॉमस पाच फूट अकरा इंचांचा. तो जागा सोडून पुढे यायचा, फटकावणाऱ्याला भिडायचा, चुकला तर पालथा पडून, लोळून, काठी फेकल्यासारखी आडवी घालून पक अडवायचा. प्रशिक्षकांना वाटायचं, या माणसाला तंत्र नाही, नुसतं नशीब आहे.

भाची : आणि तुला काय वाटतं?

मामा : मला वाटतं, त्याच्याकडे स्वतःचं तंत्र होतं, फक्त ते पुस्तकात नव्हतं. तो फटका येण्याआधी फटकावणाऱ्याला वाचायचा. २०११ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्यांत, टँपा बेविरुद्धच्या पाचव्या सामन्यात स्टीव्ह डाउनीसमोर जवळजवळ मोकळा गोल होता. थॉमसने उलट्या बाजूला झेप घेत काठीचं रुंद पातं आडवं घातलं आणि पक अडवला. ते नशिबाने एकदा होतं. ज्याला मोसमभर जमतं त्याला तंत्रच म्हणायचं. २०१०-११ च्या मोसमात त्याच्यावर आलेल्या फटक्यांपैकी ९३.८ टक्के त्याने अडवले. डॉमिनिक हाशेकच्या नावावरचा ९३.७ टक्क्यांचा विक्रम त्याने मोडला. आणि हाशेकही असाच, कुठल्याही साच्यात न बसणारा.

भाची : यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी कुणाच्या मतांवर ठरते? संघांच्या जनरल मॅनेजरांच्या. थॉमसला ती २००९ मध्ये मिळाली आणि २०११ मध्ये पुन्हा. ज्या पदावरच्या माणसांनी त्याला वर्षानुवर्षं घेतलं नव्हतं, त्याच पदावरच्या माणसांनी त्याला दोनदा सर्वश्रेष्ठ ठरवलं. तू याला त्याचा विजय म्हणशील.

मामा : अर्थात विजयच. आणि तोही दुसऱ्यांदा उठून मिळवलेला. २००९-१० मध्ये त्याची जागा तरुण टूका रास्कने घेतली होती. त्या हिवाळ्यात व्हँकूव्हरच्या ऑलिंपिकमध्ये थॉमस रायन मिलरचा राखीव होता. फिनलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शेवटी थोडा वेळ उतरला, बाकी बाकावर बसून रौप्यपदक. उन्हाळ्यात खुब्याची शस्त्रक्रिया. छत्तीस वर्षांचा, खुबा दुरुस्त केलेला, जागा गेलेला गोलरक्षक. त्याने पुढच्याच मोसमात काय केलं? स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत व्हँकूव्हर कनक्सना सात सामन्यांत मिळून आठ गोल करू दिले. २४६ फटक्यांपैकी २३८ अडवले. पहिल्या दोन सामन्यांत हार. दुसऱ्यात जादा वेळेच्या अकराव्या सेकंदाला तो पुढे आला, अलेक्स बरोज त्याला वळसा घालून गेला आणि गोल झाला. सगळे म्हणाले, झालं, याची जागा सोडण्याची खोड नडली. पाचव्या सामन्यानंतर समोरचा गोलरक्षक रोबर्तो लुओंगोही म्हणाला, की गोलजवळ राहिलं असतं तर त्या सामन्यातला गोलाचा फटका अडवणं अवघड नव्हतं. थॉमसने पद्धत बदलली नाही. १५ जून २०११ ला सातव्या सामन्यात परक्या मैदानावर ३७ फटके अडवून ४-० असा विजय. प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफी मिळवणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. आता सांग, यात तुला अपयश कुठे दिसतं?

भाची : त्याच्या खेळात मला अपयश दिसतच नाही. त्या अंतिम फेरीत आणखी काय झालं तेवढं आठवून देते. तिसऱ्या सामन्यात तुमचा नेथन हॉर्टन बर्फावर निपचित पडला. व्हँकूव्हरच्या ॲरन रोमने त्याला उशिरा धडक दिली होती. स्ट्रेचरवरून नेलं, गंभीर कन्कशन, म्हणजे डोक्याला बसलेल्या झटक्याने मेंदू आतल्या आत हादरणं. त्याच ब्रुइन्सचा मार्क सवार्ड तर अंतिम फेरीत नव्हताच. मार्च २०१० मध्ये पिट्सबर्गच्या मॅट कुकने बगलेतून येऊन त्याच्या डोक्यावर आघात केला. कुकला एकाही सामन्याची बंदी झाली नाही, कारण तेव्हा तसा नियमच नव्हता. सवार्ड परतला, जानेवारी २०११ मध्ये पुन्हा डोक्याला मार लागला आणि त्याचं खेळणं संपलं. कपावर त्याचं नाव कोरलंय. आणि १३ मे २०११ ला, प्लेऑफ ऐन रंगात असताना, न्यूयॉर्क रेंजर्सचा डेरेक बुगार्ड वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. दारू आणि वेदनाशामक गोळ्यांनी. त्याच्या मेंदूची तपासणी आपल्याच शहरात, बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी केली आणि वारंवारच्या आघातांतून होणारा सीटीई हा विकार त्यात सापडला. तुमचा सोनेरी वसंत तो हाच, मामा.

मामा : हे सगळे मैदानातले खेळाडू, धडका देणारे-घेणारे. बुगार्ड तर मारामारीसाठीच संघात असायचा. गोलरक्षक त्यातून बराच सुरक्षित असतो.

भाची : तसं वाटतं खरं. पण पक म्हणजे गोठवलेल्या रबराची दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची चकती, आणि जोरकस फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. मुखवटा कवटी वाचवतो, चेहरा वाचवतो. आत मेंदू हलतो, त्याला मुखवटा काय करणार? माइक रिक्टर आठवतो ना? तोही अमेरिकन, तोही गोलरक्षक. १९९४ मध्ये रेंजर्सला कप मिळाला तो त्याच्याच भरवशावर. मार्च २००२ मध्ये एका फटक्याने त्याच्या कवटीला तडा गेला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा डोक्याला मार बसला. डॉक्टरांनी थांब म्हटलं आणि २००३ मध्ये तो निवृत्त झाला. पुढे येल विद्यापीठात शिकून पदवी घेतली. माझ्या लेखी ती कारकीर्दही तेवढीच मोठी आहे, कारण तिथे कुणीतरी वेळेवर थांब म्हटलं आणि त्याने ऐकलं.

मामा : थॉमसही थांबला होता. २०१२ मध्ये. पण त्याआधी व्हाइट हाउसचं प्रकरण झालं आणि तिथे मी आजही त्याच्या विरुद्ध आहे. २३ जानेवारी २०१२. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी विजेत्या संघाला बोलावलं होतं, नेहमीचा रिवाज आहे तो. सगळा संघ गेला, थॉमस गेला नाही. सरकार हाताबाहेर वाढलं आहे, लोकांच्या हक्कांवर आणि स्वातंत्र्यावर गदा आणतंय, आणि याला दोन्ही पक्ष जबाबदार आहेत, असं निवेदन त्याने दिलं. त्याचं मत त्याच्यापाशी. पण तो मान संघाचा होता. सवार्डचा, हॉर्टनचा, कप्तान झ्डेनो खाराचा. संघाच्या मानाच्या दिवशी एकट्याने बाजूला राहायचं नसतं.

भाची : मला त्याचं राजकारण पटत नाही, तरी तो हक्क त्याचा होता असं मला वाटतं. त्याने दुसऱ्या कुणाला जाण्यापासून अडवलं नाही. समारंभात जाऊन गोंधळ घातला नाही. चार ओळी लिहिल्या आणि त्यावर पुढे बोलणार नाही असंही कळवलं. खेळाडूने गोल अडवावेत, मतं बाळगू नयेत, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला तुला पाहायचं नाही.

मामा : मत असू नये असं मी म्हणतच नाही. आणि मत मांडायला त्याला वर्षाचे बाकीचे सगळे दिवस होते. संघाच्या खेळात काही प्रसंग वैयक्तिक नसतात. त्याच्यासमोर सहा-सात वर्षं फटक्यांच्या आड पडून पक अंगावर घेणारे बचावपटू होते. त्यांच्यासाठी त्या दिवशी जायला हवं होतं. हे माझं म्हणणं मी मागे घेणार नाही.

भाची : नको घेऊस. पण त्या दिवसानंतर काय झालं ते बघ. तोवर तो फ्लिंटचा झुंजार पोरगा होता. त्या दिवसापासून तो विक्षिप्त ठरला. जून २०१२ मध्ये त्याने कुटुंबासाठी, मित्रांसाठी आणि श्रद्धेसाठी वर्षभर खेळणार नसल्याचं जाहीर केलं. लोक म्हणाले, विक्षिप्तच तो. पुढे तो परत आला, २०१३-१४ मध्ये फ्लोरिडा पँथर्सकडून खेळला, मार्चमध्ये डॅलसला गेला, मोसम संपला आणि मग नाहीसाच झाला. लोक पुन्हा म्हणाले, विक्षिप्तच होता. कुणाला वाटलं नाही की एक माणूस आजारी असू शकेल. एकदा माणसाला असं लेबल लागलं की त्याचं दुखणंही स्वभावात जमा होतं. माझ्या कामात मी हे रोज बघते. रुग्ण गप्प झाला की घरचे म्हणतात, तो हट्टी आहे. चिडला की म्हणतात, पहिल्यापासून तसाच. कन्कशन साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा दोष माणसाच्या माथी बसतो.

मामा : डिसेंबर २०१९ मध्ये तो वॉशिंग्टनला अमेरिकन हॉकी हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमाला आला आणि बोलला, तेव्हा मी ते वाचून बराच वेळ सुन्न होतो.

भाची : काय सांगितलं त्याने, तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

मामा : त्याने सांगितलं की डिसेंबर २०१३ मध्ये फ्लोरिडाकडून खेळताना त्याला कन्कशन झालं. दुसऱ्या दिवशी उठला तेव्हा काय खायचं, कुठे जायचं हेही त्याला ठरवता येईना. उरलेला मोसम त्याने संघाच्या वेळापत्रकाला धरून काढला. दुसरे जसं सांगतील तसं. पुढे मेंदूची तपासणी झाली. मेंदूच्या दोन-तृतीयांश भागाला पाच टक्क्यांहून कमी रक्त मिळतंय आणि उरलेल्या भागाला सरासरी निम्मंच, असं त्याला सांगण्यात आलं. काही वर्षं तो कुणाशी बोलू शकला नाही. स्वतःच्या वडिलांनाही फोन करू शकला नाही. हॉकीचा सामना बघवत नव्हता, कारण त्या वेगाच्या मागे मेंदू पळू शकत नव्हता. रोज सकाळी पहिले काही तास मनातलं सगळं पुन्हा जागच्या जागी लावावं लागतं, मग कामांची यादी करायची आणि जमेल तेवढं करायचं, असं तो म्हणाला.

भाची : त्याचं मोठेपण कशात होतं? फटका यायच्या आधी फटकावणाऱ्याचं मन ओळखण्यात. क्षणात शंभर शक्यतांतून एक निवडण्यात. हे तूच मघाशी सांगितलंस. त्या माणसाला न्याहारीला काय खावं ते ठरवता येईना. आणि त्याच कार्यक्रमात, त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत, लीगचे आयुक्त गॅरी बेटमन होते. डोक्यावरचे आघात आणि सीटीई यांचा संबंध सिद्ध झालेला नाही ही त्यांची भूमिका सर्वांना माहीत आहे. वर्षभर आधी, २०१८ मध्ये, तीनशेहून जास्त माजी खेळाडूंशी लीगने सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरमध्ये तडजोड केली होती; जबाबदारी मात्र मान्य केली नव्हती. थॉमसला सीटीई आहे असं मी म्हणत नाही. तो विकार खात्रीने ओळखता येतो तो मृत्यूनंतरच. पण त्याने जे सांगितलं ते ऐकल्यावर तरी खेळ चालवणाऱ्यांनी आकड्यांच्या आड लपू नये.

मामा : पण तूही त्याचं अर्धंच सांगते आहेस. त्याला तिथे विचारलं, हे सगळं सोसण्याच्या मोलाचं होतं का? तो म्हणाला, त्या दुखण्याच्या मधोमध होतो तेव्हा मुळीच नव्हतं. एक काळ असा होता की आपण हॉकी निवडली याचाच त्याला पश्चात्ताप व्हायचा. पण आता तसं वाटत नाही, असंही तो म्हणाला. हॉकीवर आपलं प्रेम आहे, असंही. हे त्याचे शब्द आहेत, माझ्यासारख्या चाहत्याचे नाहीत. त्याच्या आयुष्याचा अर्थ लावायचा पहिला अधिकार त्याचा. तू त्याला फक्त व्यवस्थेचा बळी करून टाकलंस तर फ्लिंटपासून व्हँकूव्हरपर्यंतची त्याची सगळी मेहनत तू त्याच्याकडून काढून घेतेस.

भाची : हे मला मान्य आहे. त्याने स्वतःला माफ केलं, खेळालाही माफ केलं. ते त्याचं मोठेपण. पण त्याची माफी ही लीगला मिळालेली सूट नव्हे. खेळाडू आनंदाने धोका पत्करतो म्हणून धोका कमी करण्याची मालकांची जबाबदारी संपत नाही. आणि आपलीही संपत नाही. डोक्याला मार लागूनही खेळत राहिलेल्या खेळाडूचं आपण कौतुक करतो तेव्हा पुढच्याला लपवायला शिकवतो. डिसेंबर २०१३ नंतरही तो खेळतच राहिला, कारण गोलरक्षकाने तक्रार करायची नसते असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

मामा : आता थोडं बदललंय. २०१० पासून बगलेतून डोक्यावर होणाऱ्या आघाताला नियमाने शिक्षा आहे. २०१६ पासून लीगची माणसं सामने बघत असतात आणि संशय आला तर खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढायला लावतात. खेळाडूला विचारावं लागत नाही.

भाची : तेच महत्त्वाचं आहे. निर्णय खेळाडूवर सोडला की थॉमससारखा माणूस नेहमीच खेळायचं म्हणणार. नऊ वर्षं ज्याने कुणाचं "नाही" ऐकलं नाही, तो स्वतःच्या डोकेदुखीचं काय ऐकणार? त्याच्यासाठी "थांब" म्हणणारं दुसरं कुणीतरी हवं.

मामा : एवढ्यावर आपलं जुळलं. मी त्याची जिद्द सोडणार नाही आणि तू त्या जिद्दीची किंमत.

भाची : आणि व्हाइट हाउसवर जुळायचं नाही.

मामा : तिथे नाही.

या संवादात एका बाजूला जिंकवून मी लेख संपवू शकलो असतो, पण तसं करणं थॉमसवर अन्याय ठरेल. त्याने एनएचएलमध्ये ४२६ सामने खेळून २१४ जिंकले, दोन व्हेझिना आणि एक कॉन स्मिथ मिळवली, आणि साच्यात न बसणारा खेळाडूही सर्वश्रेष्ठ होऊ शकतो हे दाखवून दिलं. ती त्याची कमाई आहे आणि ती कुणी कमी लेखू नये. पण २०१९ मध्ये त्याने जे सांगितलं तेही त्याच्या कारकिर्दीचाच भाग आहे. जाहीरपणे हे सांगावं असं त्याला सुरुवातीला वाटत नव्हतं, तरी तो बोलला. त्याचे ३७ बचाव जेवढ्या आवडीने आपण सांगतो, तेवढ्याच आवर्जून हेही सांगायला हवं. निव्वळ कपापर्यंतचा थॉमस सांगणारा माणूस अर्धीच कारकीर्द सांगतो.

आणि ज्यांची मुलं कुठलाही खेळ खेळतात, मग तो फुटबॉल असो, कबड्डी असो की बर्फावरची हॉकी, त्यांना एक कळकळीची विनंती. मुलाच्या डोक्याला मार लागला, तो गोंधळलेला दिसला, चक्कर आली, उलटी झाली, तर सामना कितीही महत्त्वाचा असला तरी त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि ते परवानगी देईपर्यंत थांबा. तो "मी ठीक आहे" म्हणेल. हा निर्णय त्याच्यावर सोडू नका.